अप्रकट उष्णता

"बेळगावात कशाला लागतोय एसी?"
गल्ली हसली होती, ह्यांनी कोल्हापुरातनं
जुनी एस्टीम आणली तेव्हा.
तेव्हा वैशाखातही रात्री चादर लागायची.
आता वडगावात सकाळी दहालाच
बॉनेटवर तळहात टेकवत नाही.

बसलिंगप्पा आलाय. उद्यमबागेत बत्तीस वर्षं लेथ,
आता गुडघे आणि मोकळा वेळ.
खडेबाजारातल्या फ्रिजवाल्याकडनं
व्हॅक्यूम पंप दिवसाच्या बोलीवर,
दोन तबकड्यांचा गेज, निळी नळी, तांबडी नळी,
आणि माझ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा
ज्यावर काल रवा मोजला.

नवा ड्रायर बसवला. जुन्या ओ-रिंगा
चकलीसारख्या बोटांत मोडल्या.
नव्या हिरव्या, तेलाचं बोट फिरवून.
"सावकाश, टीचर. लई आवळायचं न्हाई.
नट बी माणूसच की."

एकतीस वर्षं मी नववीला शिकवलं:
द्रव उडून जाताना शेजाऱ्याची उष्णता उचलतो.
फळ्यावर बाण काढले, बाणाखाली लिहिलं, अप्रकट.
मुलांच्या हातावर स्पिरिट चोळून म्हणाले, बघा, गार.
मोटारीच्या पोटात तेच चाललंय
हे कधी वाकून पाहिलं नाही.
ते ह्यांचं खातं.

पंप घुरघुरतो. निळा काटा शून्याखाली उतरतो.
"गाळी तेगीबेकु," म्हणतो बसलिंगप्पा.
गाळी म्हणजे हवा, ठाऊक आहे,
तरी माझ्या कानाला इतकी वर्षं
ती गळतीची थोरली बहीण वाटते.
आधी सगळं काढायचं, वारा, ओल,
मगच गार काही आत राहतं.

आणि लाईट गेली.
शेजारचे चारही माग एकदम थांबले.
गल्ली इतकी गप्प, की काटा सरकला तर ऐकू यावा.
मी झडप घालून व्हॉल्व्ह बंद केला.
"छलो आत," तो म्हणाला,
"आता हाच आपला पेपर. बघूया, टिकतंय काय."

पायरीवर बसून ताक प्यालो.
पोकळी सांभाळायची शिकवणी
मला नको होती. काट्याला हवी होती.
विसाव्या मिनिटाला तो वर चढू लागला.

टॉर्च घेतली. गॅस जिथनं निसटतो
तिथं तेलाला धूळ धरते, काळा डाग पडतो.
कंडेन्सरच्या मागे, खालच्या कोपऱ्यात
एम-सीलचा गोळा. राखाडी, घाईत थापलेला,
आणि त्यात एक अंगठा.
रेषा न् रेषा. टोकाला तो जुना काप,
फणस सोलतानाचा.

बसलिंगप्पानं कानस पुढे केली नाही,
मागेही घेतली नाही.

मीच घासलं.
खाली एक सांधा निघाला, कुणाच्या हिशेबात नसलेला,
त्यात रिंग, पापडासारखी चपटी.
"सायबांनी गॅस आडवला, टीचर.
रिंग बदलली न्हाई."
खरंय. त्यांचा सगळा कारभार तसाच, थापून.
आणि तरी बारा वर्षं टिकला, हेही खरंय.
तुकडे मी पदरात घेतले की फडक्यात,
आता आठवत नाही.

तीनला लाईट आली. माग सुरू, पंप सुरू.
ह्या खेपेला काटा ठेवला तिथंच थांबला,
अर्धा तास, वर्गातल्या हुशार मुलीसारखा.
मग डबा वजनकाट्यावर. सहाशे ग्रॅम.
डब्याला घाम फुटला, मग पांढरं चढलं,
आत कुठंतरी क्लच टक् म्हणाला.

शाळेचा थर्मामीटर जाळीत खोचला:
बाहेर अडतीस, इथं नऊ.
काचा चढवून बसलो. गाडी अंगणातच,
जायचं कुठंच नव्हतं.
मागच्या सीटवर बसलिंगप्पा, चपला बाहेर काढून,
"तंपु," म्हणाला. थोड्या वेळानं परत, "तंपु."

तेवढ्यात खाली टपटप.
मी शिकवलेलं सगळं विसरून दार उघडलं.
"पाणी हाय ते, टीचर.
ते गळायलाच पायजे."
मागवाल्यांची मांजर आधीच येऊन
जीभ लावून बसली होती.